बूट स्कॅन चालू असतानाच कॉम्प्युटर रिस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

अँटीव्हायरसचा बूट स्कॅन (विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालणारी तपासणी) लावलाय, स्क्रीनवर फाइलींची नावं पळायलेत, आणि मधेच फटदिशी स्क्रीन जाते, परत मदरबोर्डचा लोगो, परत तोच स्कॅन शून्य टक्क्यापासनं, आणि हे असं दिवसभर. ज्याच्या वाट्याला हे आलंय त्याला पहिलं उत्तर मिळतं ते म्हणजे "व्हायरस लई खोल गेलाय, फॉरमॅट मारावा लागंल." कृपा करून लगेच हो म्हणू नका. बहुतेक वेळा स्कॅननं काही बिघडवलेलं नसतं. टॅली आणि दोन-चार एक्सेल शीट चालवणाऱ्या मशीनला रोज फारसं कामच नसतं, बूट स्कॅनमध्ये मात्र प्रोसेसर आणि हार्डडिस्क दोन्ही तासभर सलग राबतात, आणि तेव्हा मशीनचं जे काय आधीपासनं दुखत असतं ते बाहेर येतं. फॉरमॅटनं ते दुखणं जात नाही, डेटा तेवढा जातो.

माझ्या मामांचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, शिरोली नि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं जॉबवर्क करतात. ऑफिस म्हणजे लेथच्या पलीकडं एक पार्टिशन, त्यात हा कॉम्प्युटर, त्यात टॅली, डिलिव्हरी चलनं आणि कित्येक वर्षांची ड्रॉइंग. ड्रॉइंग घेऊन येणारे बरेच जण अजून पेनड्राइव्ह घेऊनच येतात, आणि त्यातल्याच एकातनं शॉर्टकट व्हायरस आला, सगळे फोल्डर गायब आणि त्या जागी शॉर्टकट. म्हणून कुणीतरी बूट स्कॅन लावून दिला आणि मग हा खेळ सुरू झाला. त्यात जीएसटीचा थ्रीबी रिटर्न २० तारखेच्या आत भरायचा होता, त्यामुळं मामांचा जीव टांगणीला.

मी गेल्यावर पहिलं विचारलं, "मामा, रिस्टार्ट होतोय का बंद पडतोय?"

"आरं एकच की ते, जातंय न् परत येतंय."

"आपोआप येतंय का कोण बटण दाबतंय?"

मग पार्टिशनच्या बाहेरनं ऑफिसात काम करणारं पोरगं म्हणालं, "कवा कवा आपोआप येतंय, कवा कवा मीच दाबतोय."

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायलाच पाहिजे असं मला मनापासनं वाटतं. प्रोसेसर हद्दीबाहेर तापला की तो स्वतःला वाचवायला बहुतेक वेळा मशीन सरळ बंद करतो. विंडोज क्रॅश झालं की निळी स्क्रीन येऊन आपोआप रिस्टार्ट होतं, आणि वीजपुरवठा क्षणभर लडखडला की निळी स्क्रीन न येताच रिस्टार्ट होतं. तिन्हीला आपण "रिस्टार्ट होतोय" म्हणतो आणि दुकानात जाऊन तेवढंच सांगतो, मग दुकानदार तरी काय करणार.

तर आधी स्कॅन थांबवायचा. बऱ्याच अँटीव्हायरसमध्ये स्कॅन सुरू होताना एस्केप दाबलं की तो सुटतो आणि विंडोज चालू होतं, स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण घाबरलेल्या माणसाला ते दिसत नाही. एस्केपनं सुटला तर विंडोजमध्ये जाऊन अँटीव्हायरसमधलं शेड्यूल काढून टाका, कारण काहींमध्ये स्कॅन अर्धवट राहिला की पुढच्या वेळी तो परत पहिल्यापासनं लागतो. एस्केपनं सुटला नाही तर विंडोज इन्स्टॉल करायच्या पेनड्राइव्हवरनं विंडोजच्या रिपेअरमध्ये जा आणि आधी सिस्टम रिस्टोअर करून बघा. तेही नाही जमलं तर कमांड प्रॉम्प्टमधनं रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग जिथं साठवलेल्या असतात ती) उघडायची, हार्डडिस्कवरची सिस्टम नावाची हाइव्ह, म्हणजे रजिस्ट्रीची फाइल, लोड करायची, आणि त्यात कंट्रोलसेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर या वाटेनं गेलं की बूटएक्झिक्यूट नावाची एक नोंद सापडते. विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी काय चालवायचं ते तिथं लिहिलेलं असतं. मुळात तिथं एकच ओळ असते, ऑटोचेक ऑटोसीएचके आणि पुढं एक स्टार. अँटीव्हायरसनं खाली आपली ओळ घातलेली असली तर तेवढीच काढायची, पहिलीला हात लावायचा नाही. रजिस्ट्रीची सवय नसेल तर हे काम माहितगार माणसाकडनंच करून घ्या, पण ते पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी फॉरमॅट लागत नाही, हे लक्षात असू दे.

मामांचं एस्केपवर सुटलं. विंडोज आलं की दुसरं काहीही करायच्या आधी टॅलीचा डेटा फोल्डर आणि ड्रॉइंग बाहेरच्या डिस्कवर घेतली. फोल्डर दिसत नव्हते पण गेले नव्हते, शॉर्टकट व्हायरस सहसा फोल्डर लपवून ठेवतो आणि अ‍ॅट्रिब कमांडनं ते परत दिसायला लागतात. मामांनी चहा सांगितला तेव्हा कुठं त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

मग ऑटोमॅटिक रिस्टार्ट बंद केलं. सिस्टम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथं "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट"ची टिक काढायची. ही टिक विंडोज स्वतःच लावून देतं, त्यामुळं निळी स्क्रीन आली तरी ती वाचायच्या आत जाते. टिक काढली की ती तिथंच थांबते आणि एररचं नाव मोबाईलवर फोटो काढून ठेवता येतं. मेमरी मॅनेजमेंट लिहून आलं तर आधी रॅमकडं बघायचं, कर्नल डेटा इनपेज एरर आलं तर हार्डडिस्क किंवा तिची केबल, आणि खाली अँटीव्हायरसच्याच ड्रायव्हरचं नाव दिसलं तर तो अँटीव्हायरस त्याच्या कंपनीच्या रिमूव्हल टूलनं काढायचा. एका मशीनवर दोन अँटीव्हायरस टाकलेले असले तर हमखास असलं काहीतरी होतं, दोघंही प्रत्येक फाइल उघडताना मधे हात घालतात. आणि सुरक्षेचं सॉफ्टवेअरच मशीन पाडू शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर सगळ्या जगानं बघितलंय, १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकचा एक चुकीचा अपडेट गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज मशीनं पडली, विमानतळांवर हातानं लिहून बोर्डिंग पास द्यायची वेळ आली. तेव्हा स्कॅनचा दोष कधीच नसतो असं मी म्हणत नाही, पण आधी पुरावा बघूया.

आमच्याकडं निळी स्क्रीन आलीच नाही. परत स्कॅन लावला तर मशीन नुसतंच गेलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल पॉवरचा ४१ नंबरचा इव्हेंट होता आणि त्यात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनच्या एररचा नंबर) शून्य. ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होता गेलं, आणि कोड शून्य म्हणजे बहुतेक करून विंडोजला एरर लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही. इथनं पुढं सॉफ्टवेअरच्या मागं लागण्यात अर्थ नव्हता, स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा होता.

कॅबिनेट उघडल्यावर हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) दिसतच नव्हता. ग्राइंडिंगची काळी धूळ, त्यात कूलंटचा तेलकट थर, दोन्ही मिळून असं घट्ट बसलं होतं की फॅन फिरत होता पण हवा आत जायला वाटच नव्हती. घरातली धूळ फुंकली की उडते, वर्कशॉपची उडत नाही, आणि तिच्यात लोखंडाचे कण असतात म्हणजे बोर्डावर बसली तर शॉर्टही करू शकते. बायोसमधल्या (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) हार्डवेअर मॉनिटरमध्ये नुसतं बसल्या जागी प्रोसेसर ८० अंशांच्या पुढं होता. दुसरी एक खूण म्हणजे गरम मशीन परत चालू केलं की ते आधीपेक्षा लवकर जायचं. तापण्याचा त्रास असला की असंच होतं, थंड मशीन जास्त वेळ टिकतं.

ब्लोअरनं साफ केलं, आणि ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग जातं. कूलर, म्हणजे हीटसिंक आणि फॅन, काढला तर त्याच्या नि प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्ट वाळून पापडी झालेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून ज्वारीच्या दाण्यापेक्षा किंचित मोठा ठिपका नवीन पेस्टचा लावला. इंटेलच्या कूलरला चार प्लॅस्टिकचे पाय असतात, त्यातला एक जरी नीट बसला नाही तरी कूलर एका बाजूनं उचललेला राहतो, म्हणून ते चारही मागच्या बाजूनं बघून घ्यायचे. यानंतर बायोसमध्ये टेम्परेचर चाळिशीत आलं आणि मशीन आपोआप बंद पडायचं थांबलं.

पण रिस्टार्ट थांबला नाही! आता तो वेगळ्याच तऱ्हेनं व्हायला लागला, कधी स्कॅनच्या सुरुवातीलाच, कधी बराच पुढं गेल्यावर, काही मेळच नाही. एकाच फाइलवर दरवेळी जात असता तर मी हार्डडिस्कवर संशय घेतला असता, क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढलेत का बघितलं असतं (चेकडिस्कचा आर वाला स्कॅन मात्र बॅकअप घेतल्याशिवाय अजिबात मारू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला तो झेपत नाही). इथं डिस्क ठणठणीत होती. रॅम काढून पट्ट्या खोडरबरानं पुसून परत बसवली, मेमटेस्टही चालवली, स्वच्छ. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे करायलाच लागतं, आणि २०१९ नि २०२१ च्या पुरात ज्यांची मशीनं भिजून परत वाळवून वापरात आलीत त्यांनी तर सगळे कनेक्टर एकदा बघावेतच, गंज सावकाश चढतो.

उत्तर दिलं ते मिलिंगवरच्या एका जुन्या कामगारानं. म्हणाला, "कंप्रेसर सुटला की लाइट मंद व्हतीया, तवाच जातंय बघा ते." मी उभा राहून बघितलं, आणि खरंच, कंप्रेसरची मोटर सुरू झाली की मशीन गेलं. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यानं व्होल्टेज क्षणभर खाली येतं. मग यूपीएस कशाला आहे? तर यूपीएसची बॅटरी मेली होती. १२ व्होल्ट ७ एएचची ती बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं चालते आणि मग नुसती जागा अडवून बसते, दिवा मात्र हिरवाच दिसतो. तपासायचं असेल तर कॉम्प्युटर न लावता ६० वॉटचा बल्ब यूपीएसला लावा आणि भिंतीतला प्लग काढा, बल्ब विझला की समजलं.

मग मामांनी अगदी बरोबर विचारलं की कंप्रेसर तर रोज दिवसभर चालू-बंद होतोय, मग टॅली चालू असताना का जात नाही? एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमध्ये, वीज साठवणारे मोठे कॅपॅसिटर असतात, पुरवठा क्षणभर गेला तरी ते साठवलेल्या विजेवर मशीन काही मिलिसेकंद चालवतात. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, लोड कमी असला तर त्याहून जास्त. कॅपॅसिटर जुने झाले की ही ताकद घटते. टॅलीवर लोड कमी, म्हणून तेवढा धक्का निभायचा. स्कॅनमध्ये लोड चढलेला, तिथं निभत नव्हता. स्कॅननंच मशीन पाडलं असं सगळ्यांना वाटत होतं त्याचं कारण हे.

एसएमपीएस घरी उघडू नका. आपल्या २३० व्होल्टवर त्यातला मोठा कॅपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच राहतो. बाहेरनं मल्टिमीटरनं पिवळी वायर बघा, लोडवर ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मधे पाहिजे. पण असला क्षणाचा धक्का मल्टिमीटर पकडत नाही, म्हणून दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघणं हीच खरी परीक्षा. राजारामपुरीतनं नवीन आणला, यूपीएसला बॅटरी टाकली, आणि मामांना सांगून कॉम्प्युटरची लाइन कंप्रेसरच्या लाइनपासनं वेगळी करून घेतली, अर्थिंगही वायरमनकडनं तपासून घेतलं.

त्यानंतर बूट स्कॅन लावला आणि मुद्दाम दोनदा कंप्रेसर चालू केला, मशीन हललंसुद्धा नाही. स्कॅन पूर्ण झाला, शॉर्टकट व्हायरस आणि त्याची स्टार्टअपमधली फाइल दोन्ही सापडली. वरनं विंडोज डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅनही एकदा चालवला, तो विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये आहे, १५ मिनिटांच्या आसपास घेतो, आणि ज्यांना बूट स्कॅनची भीती बसलीय त्यांनी आधी तोच वापरावा असं माझं मत आहे.

थ्रीबी वेळेत भरला. पेनड्राइव्हसाठी आता मामांनी एक जुना लॅपटॉप वेगळा ठेवलाय, त्याला टॅली नाही, नेट नाही, येणारा पेनड्राइव्ह आधी त्यात स्कॅन होतो आणि मगच ड्रॉइंग ऑफिसच्या मशीनवर जातं. आणि कॅबिनेट टेबलाखालनं काढून भिंतीवरच्या फळीवर, ग्राइंडरपासनं लांब ठेवलंय.