ठाणे ते लायडन, आणि परत ऐरोलीला

विकासात्मक मानसशास्त्र, म्हणजे मुलांचं मन कसं घडत जातं याचा अभ्यास, शिकताना पदवीचं एक वर्ष मी नेदरलँड्समधल्या लायडनला काढलं. मागून जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी जन्मदाखला काढून बघा. माझ्या दाखल्यावर आईवडिलांची नावं होती, माझं नव्हतंच. नाव चढवून घ्या, मग मंत्रालयाचा शिक्का, मग अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं प्रमाणीकरण. ठाण्याहून किती फेऱ्या झाल्या! लायडनच्या नगरपालिकेत नोंदणीला हाच दाखला मागतात. प्रवेश मिळाला की त्याच आठवड्यात खोली शोधायला लागा, खोल्यांची फार टंचाई आहे. वर्षाला 60 क्रेडिट, एका क्रेडिटमागे 28 तास काम. गुण दहापैकी. पहिल्यांदा 7 मिळाले तेव्हा मी रडले. तिथे तो चांगला गुण आहे.

आई खोलीतून बाहेर जाते, परत येते, तेव्हा बाळ काय करतं? मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या या प्रयोगाचे 8 देशांतले 32 अभ्यास लायडनच्याच व्हॅन आयझेनडोर्न आणि क्रोनेनबर्ग यांनी 1988 मध्ये एकत्र मांडले. देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या अभ्यासांमधला फरक मोठा निघाला. त्या आठांत भारत नाही. आजी, काकू, शेजारची मावशी अशा सगळ्यांच्या कडेवर वाढणारं आपलं बाळ त्या खोलीत कसं वागेल, हा प्रश्न घेऊनच मी परत आले.

आल्यावर प्रकल्पासाठी ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीच्या एका अंगणवाडीत जायला लागले. मानसशास्त्रज्ञ पियाजेंचा पाण्याचा प्रयोग, ग्लास बदलला तरी पाणी तेवढंच राहतं हे मुलांना कळतं का ते बघणारा: दोन सारखे ग्लास, दोन्हींत सारखं पाणी, मग एकातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओतायचं. पाच वर्षांची एक मुलगी आधी "सारखंच" म्हणाली. ओतल्यावर मी पुन्हा विचारलं, तर बाईंकडे बघून म्हणाली, "उंचात जास्त." का गं? "ताई, तुम्ही परत विचारलंत ना!"

परत विचारलं म्हणजे आधीचं चुकलं, हे ती शिकली होती. रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी 1974 मध्ये हेच दाखवलं होतं: ओतल्यानंतर एकदाच विचारलं की मुलांच्या चुका कमी होतात. लायडनला मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं.

तेव्हा प्रश्न एकदाच विचारा. संमतीपत्र मराठीत लिहा आणि मुलांच्या आयांना वाचून दाखवा, नुसती सही घेऊ नका. खिचडीच्या वेळेआधी पोचा. ग्लास घरून न्या, काचेसारखे दिसणारे प्लास्टिकचे. स्टीलच्या पेल्यात पाणी दिसत नाही.