तुझ्या पानावर काय आहे?

ठाण्यात आम्ही पाच जण गेली सहा वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता कोणाच्या तरी घरी जमतो आणि एकच पुस्तक मिळून वाचतो. आमच्यापैकी एक जण बँकेतून निवृत्त झालेला आहे, एक मैत्रीण शाळेत इतिहास शिकवते, दुसरीचे बालपण सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात गेले असून ती आता रुग्णालयात परिचारिका आहे, एक तरुण अभियंता आहे आणि पाचवा मी. आमच्यात साहित्याचा पदवीधर एकही नाही, आणि याचा आम्हांला फायदाच झाला असे माझे मत आहे.

पहिले वर्षभर आमची पद्धत साफ चुकीची होती. महिन्याभरात प्रत्येकाने आपापल्या घरी पुस्तक संपवायचे आणि रविवारी येऊन त्यावर बोलायचे, असे ठरले होते. प्रत्यक्षात दोघे जण पुस्तक अर्धे वाचून येत, एक जण प्रस्तावना तेवढी वाचून येई (तो मीच असे, हे आता कबूल करायला हरकत नाही), आणि ज्याने सगळे वाचलेले असे तो बाकीच्यांना पुस्तक समजावून सांगत बसे. पुस्तक आवडले की नाही, एवढ्यावर चर्चा संपत असे आणि उरलेला वेळ गृहनिर्माण संस्थेच्या राजकारणात जाई. शेवटी इतिहासाच्या मैत्रिणीने वर्गात वापरतात तोच उपाय काढला. एका बैठकीला फार तर पंचवीस-तीस पाने घ्यायची, आणि त्यांतली पहिली काही पाने तिथेच मोठ्याने वाचायची. वाचणारा दर वेळी बदलायचा. ऐकणाऱ्याने हवे तिथे थांबवायचे, मात्र थांबवताना स्वतःचे मत न मांडता आधी प्रश्न विचारायचा. या नियमाने आमची मंडळी वाचली.

या पद्धतीने वाचलेल्या पुस्तकांत मला सर्वांत जास्त देऊन गेलेले पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. सध्याच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यातल्या वरसई या गावचा, कर्जाने गांजलेला हा तिशीतला भिक्षुक रामभट या आपल्या काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाला, तो ग्वाल्हेरच्या राजघराण्यातील बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि तिथे भरघोस दक्षिणा मिळेल, ही वार्ता ऐकून. वाटेत इंदूरजवळच्या महूच्या आसपास त्यांना शिपायांच्या बंडाची कुणकुण लागली, आणि पुढे ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी असा प्रवास त्यांनी त्या धामधुमीतूनच केला. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घालून शहर घेतले, तेव्हा हे दोघे झाशीतच होते. ही सारी हकिगत गोडसेभटजींनी सुमारे पंचवीस वर्षांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून लिहून काढली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, पुस्तकरूपाने आली. वैद्य मूळचे आमच्या शेजारच्या कल्याणचे आणि पुढे ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश झालेले. एवढ्या जवळच्या माणसाचा या पुस्तकाशी संबंध आहे, हे आम्हांला वाचायला घेईपर्यंत ठाऊकही नव्हते.

तिसऱ्या बैठकीत, झाशीच्या प्रकरणात, माझी वाचायची पाळी होती. मी एक वाक्य वाचून पुढे जातो तोच परिचारिका मैत्रिणीने हात वर केला.

“थांब. हे वाक्य माझ्याकडे नाही.”

“नाही म्हणजे? पान चुकलं असेल.”

“पान चुकलं नाही. आधीचं वाक्य आहे, नंतरचंही आहे, पण मधलं नाही. तुझ्या पानावर काय आहे ते परत वाच.”

मग सर्वांनी आपापल्या प्रती टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. चहा बाजूला सरला. अभियंता मित्र एकेका ओळीवर बोट ठेवत दोन्ही प्रती ताडून पाहू लागला, आणि दहा मिनिटांत स्पष्ट झाले की गेले दोन महिने आम्ही एकाच नावाची दोन वेगळी पुस्तके वाचत होतो. तिच्या आजोबांच्या पेटीतली जुनी प्रत वैद्यांच्या पाठाची होती, आणि माझी प्रत इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील मूळ हस्तलिखितावरून १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या पाठाची. वैद्यांनी भाषा नीटनेटकी केली होती आणि काही मजकूर गाळला होता. पोतदारांनी तो होता तसा आणला होता. दोन्ही प्रतींच्या प्रस्तावनांत हे असणारच, पण प्रस्तावना वाचण्याचा लौकिक ज्याचा होता त्यानेही या वेळी ती वाचली नव्हती.

अभियंता मित्र भडकला. दुसऱ्याच्या लेखणीला कात्री लावण्याचा अधिकार वैद्यांना कोणी दिला, असा त्याचा रोख होता. इतिहासाच्या मैत्रिणीने त्याला एवढेच विचारले, की १९०७ नंतरच्या वर्षी काय झाले ते तुला आठवते का. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना मंडालेला पाठवण्यात आले. केवळ वर्तमानपत्रातील लेखांसाठी सहा वर्षांची शिक्षा होत होती, त्या काळात झाशीत गोऱ्या फौजेने केलेल्या कत्तलीची डोळ्यांदेखतची हकिगत छापायची होती. त्यामुळे वैद्यांच्या कात्रीपेक्षा त्या कात्रीतून इतके सुटले कसे, याचेच आश्चर्य करावे, असे तिचे म्हणणे होते. मला दोघांचेही पटले. राजकीय भयापोटी गाळलेला मजकूर मी समजू शकतो, पण सभ्यतेपोटी भाषेला केलेली इस्त्री मला अजूनही खुपते, कारण गोडसेभटजींचा सगळा जिवंतपणा त्यांच्या बोलत बोलत पसरत जाणाऱ्या वाक्यांतच आहे. तेव्हापासून मात्र नियम झाला: एक जण पोतदारांचा पाठ वाचणार आणि दुसरा वैद्यांच्या प्रतीवर नजर ठेवणार. एकट्याने वाचले असते तर दोन पाठ आहेत ही गोष्ट मला माहिती म्हणून कळली असती, पण गाळलेल्या वाक्याची जागा अशी बोटाखाली आली नसती.

दुसरा मोठा वाद चौऱ्याऐंशी कलमांवरून झाला. इंग्रजांनी हिंदुस्थानातील लोकांचा धर्म बुडवण्यासाठी चौऱ्याऐंशी कलमांची यादी काढली होती, असे गोडसेभटजी जणू सरकारी कागद हातात असल्यासारखे सांगतात. बँकेतला मित्र हसून म्हणाला की ही तर सकाळी सकाळी भ्रमणध्वनीवर येणाऱ्या निरोपांची पूर्वज मंडळी. आम्हीही हसलो. इतिहासाची मैत्रीण मात्र हसली नाही. तिच्या मते ती कलमे खरी होती की नाही हा प्रश्न एका वाक्यात निकालात निघतो. वरसईचा एक शिकलेला भिक्षुक पंचवीस वर्षांनंतरही त्यांवर विश्वास ठेवून होता, याला मात्र पुरावा म्हणून किंमत आहे. काडतुसांपासून सुरू झालेली भीती लोकांच्या तोंडून कशी वाढत गेली असेल, ते या एका यादीतून दिसते. त्या दिवसापासून गोडसेभटजींना खोटे पाडण्याचा आमचा उत्साह ओसरला आणि ‘हे त्यांना कोणी सांगितले असेल’ असा प्रश्न आम्ही विचारू लागलो.

आता विहिरीच्या प्रसंगाविषयी. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर गोडसेभटजी पाणी काढायला एका विहिरीवर जातात आणि तिथे त्यांना घोड्यावरून आलेली, पुरुषी वेशातली, तहानलेली झाशीची राणी भेटते. ते पाणी काढून देऊ लागतात, पण विद्वान ब्राह्मणाने माझ्यासाठी पाणी काढू नये असे म्हणून ती स्वतःच काढते आणि ओंजळीने पिते. हा प्रसंग खरा घडला की पंचवीस वर्षांच्या आठवणीने रचला, यावर आमचा पाऊण तास गेला आणि कोणीही जागचे हलले नाही. तेवढ्यात परिचारिका मैत्रिणीने, जिने आतापर्यंत वादात भागच घेतला नव्हता, विचारले की त्यांच्या हातातले भांडे कशाचे होते.

आम्ही पान उलटून पाहिले. भांडे मातीचे होते.

तिच्या लहानपणी माणमध्ये लांबच्या विहिरीवर जाणारा माणूस तांब्या आणि दोर घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसे, असे ती म्हणाली. सोवळ्याओवळ्याचा एवढा विचार करणारा, महिनोन्‌महिने प्रवासात असलेला ब्राह्मण तर स्वतःचा तांब्या जिवापाड जपणार. मग त्याच्या हातात मडके का? तिने आम्हांला दोन बैठकांपूर्वीचे पान काढायला लावले. शहर पडल्यावर झालेल्या लुटीचे वर्णन तिथे आहे: निरनिराळ्या फौजांनी पाळीपाळीने, आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, अशी घरे धुऊन नेली. “तांब्या गेला म्हणून मडकं आलं,” ती म्हणाली. हा तिचा तर्कच आहे, पुस्तकात असा जोड कुठे दिलेला नाही. पण राणीची भेट खरी की खोटी यावर वाद घालणाऱ्या आम्हा चौघांपैकी कोणाच्याही नजरेला ते मडके पडले नव्हते, आणि मला आता त्या प्रसंगात राणीच्या आधी तेच दिसते.

एक बैठक अवघड गेली. अभियंता मित्राने विचारले, की या प्रवासाला निघण्याचे कारणच दक्षिणा; तर ज्यांना दक्षिणा मिळणे जन्मतःच अशक्य होते, त्यांनी हा काळ कसा पाहिला असेल? त्यावर कोणी काही बोलले नाही. पुढच्या वेळी तोच मुक्ता साळवे यांच्या निबंधाची झेरॉक्स घेऊन आला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, चौदा वर्षांच्या या मांग समाजातील मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १८५५ साली छापला गेला, म्हणजे वरसईहून काका-पुतणे निघण्याच्या दोनच वर्षे आधी. निबंध चार पानांचा, तो परिचारिका मैत्रिणीने वाचला, आणि नियमाप्रमाणे प्रश्न विचारायला कोणी तिला थांबवले नाही. त्यानंतर पुन्हा गोडसेभटजींकडे वळलो तेव्हा दक्षिणा हा शब्द आला की वाचणारा किंचित अडखळू लागला. त्यामुळे पुस्तक लहान झाले असे मला वाटत नाही, पण त्याच्या कडेला दुसरे एक पान कायमचे येऊन बसले.

बँकेतल्या मित्राचे गोडसेभटजींशी सुरुवातीपासून पटत नव्हते. भोवती माणसे मरत असताना हा गृहस्थ आपले किती गेले ते मोजतो, याचा त्याला संताप येई. मी त्याच्याच बाजूचा होतो. पण सवयीचा परिणाम म्हणा, तो दर बैठकीला मोजायचे काम स्वतःच करू लागला. त्याने एक रेघी वही आणली, तिच्यात ‘मिळाले’, ‘गेले’ आणि ‘उरले’ असे तीन रकाने आखले आणि वाचन चालू असता पेन्सिलीने नोंदी करू लागला. कुठल्या गावी काय मिळाले, कुठे लुटारूंनी नेले, कुठे वाटखर्चात गेले. अमुक रक्कम पुन्हा वाच, असे तो मधूनच सांगे. सातव्या बैठकीपर्यंत त्याचा सूर बदललेला होता. कर्ज फेडायला निघालेला माणूस हिशोब ठेवणार नाही तर काय करणार, असे आता तोच अभियंता मित्राला ऐकवू लागला. आणि कत्तलीच्या दिवसांतही आपल्याला पैशांची काळजी होती हे जो लपवत नाही, त्याच्या बाकीच्या शब्दांवर मी भरवसा ठेवीन, असेही म्हणाला.

शेवटच्या बैठकीत पाळी त्याचीच होती. जवळजवळ सारी कमाई गमावून गोडसेभटजी काशीहून गंगेच्या पाण्याची कावड घेऊन मजल दरमजल वरसईला परततात आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतात, ते त्याने सावकाश वाचले, चष्मा काढून पुसला आणि वही पुढे ओढली. ‘मिळाले’ आणि ‘गेले’ यांच्या बेरजा त्याने आधीच करून ठेवल्या होत्या. ‘उरले’ या रकान्यात रुपये-आण्यांसाठी आखलेल्या दोन रेघा त्याने खोडरबराने पुसल्या, ‘गंगोदक, दोन घागरी’ असे लिहिले, आणि तेवढ्यात इतिहासाच्या मैत्रिणीने विचारले, “दोन घागरी कुठे लिहिलंय? तुझ्या पानावर काय आहे?”