टँगोच्या पोटातला ढोल

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स. तिथल्या रेतिरो स्टेशनसमोर, चढावर, प्लाझा सान मार्तिन आहे. गर्द झाडं, हिरवळ, दुपारी पहुडलेली माणसं. अठराव्या शतकात याच परिसरात इंग्रजांची साउथ सी कंपनी आफ्रिकेतून आणलेली माणसं विकत होती. १७७८ च्या शिरगणतीत शहरातले तीस टक्क्यांच्या आसपास लोक कृष्णवर्णीय होते. टँगोची, म्हणजे या शहराच्या जगप्रसिद्ध नाचाची आणि त्याच्या संगीताची, गोष्ट इथून सांगायला हवी. रात्री पाहिलेल्या शोमध्ये मात्र ती युरोपातून बोटीने आलेल्यांपासूनच सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मोन्सेरातमध्ये हिंडलो. या भागाला पूर्वी ढोलांची वस्ती म्हणत. कृष्णवर्णीयांच्या नाचात कमरेतून लचकणं होतं, मध्येच थबकणं होतं. शहरातल्या उडाणटप्पू पोरांनी ते उचललं. १८८३ सालच्या एका वर्णनात तर स्पष्ट म्हटलंय, की मिलोंगा हा नाच या पोरांनी काळ्यांच्या नाचाची टिंगल म्हणून रचला. टँगो वाढला तो याच मिलोंगाच्या अंगाने. ती लचक आज जगभर फी घेऊन शिकवतात आणि ज्यांची ती होती त्यांचा उल्लेखही होत नाही, याचा मला फार राग येतो. नावं ठाऊक नाहीत असंही नाही! १८९७ मधलं ‘एल एन्त्रेरियानो’ हे सुरुवातीच्या गाजलेल्या टँगोंपैकी एक; ते रचणारे रोसेंदो मेंदिसाबाल आफ्रिकी वंशाचे पियानोवादक होते. वयाची शंभरी पार करून २०१६ मध्ये गेलेले थोर पियानोवादक ओरासिओ साल्गानही त्याच वंशाचे.

मग बोटीने नदीपलीकडे, उरुग्वेत, मॉन्तेव्हिदेओला. तिथे ढोल अजून रस्त्यावर आहे. बारिओ सुरमध्ये वादक कडेला जाळ करून ढोलांची कातडी तापवत होते. चिको, रेपिके आणि पियानो असे तीन ढोल. एका हातात काठी, दुसरा तळवा थेट कातड्यावर. मिरवणूक हलली तशी मीही मागे चालू लागलो. हा कांदोंबे, आफ्रिकी वंशाच्या लोकांचं ढोलांचं संगीत. छातीत घुमतो, पाय आपोआप ठेका धरतात.

याच भागात मेदिओ मुंदो नावाची इमारत होती. मध्ये चौक, भोवती खोल्या, आपल्या चाळीसारखी. कांदोंबेचं मोठं घरच. लष्करी राजवटीने ३ डिसेंबर १९७८ ला रहिवाशांना बाहेर काढलं आणि पुढे ती पाडली. निघण्यापूर्वी त्यांनी चौकात शेवटचे ढोल वाजवले. आता तोच दिवस उरुग्वेत कांदोंबेचा राष्ट्रीय दिवस आहे.

युनेस्कोने २००९ मध्ये टँगो आणि कांदोंबे दोघांनाही वारसा मानलं. टँगोसाठी इतक्या लांब येणाऱ्यांनी नदी जरूर ओलांडावी. जमल्यास फेब्रुवारीत, कार्निव्हलमधली ढोलांची मोठी मिरवणूक तेव्हाच निघते.