बेलापूरची फाईल, अपडेट ४: ३७७ चा ताळा एकदाचा जुळला

मंडळी, गेल्या वेळी म्हटलं होतं की दिवाळीपर्यंत बेलापूर विधानसभा मतदारसंघाच्या निकालांची फाईल उरकतो आणि ठाण्याला हात घालतो, तर तसं काही झालेलं नाहीये, बेलापूरनेच सगळे रविवार खाल्ले. पण काम बरंच झालंय (३७७ म्हणजे तिथला २०२४ चा विजयाचा फरक) आणि शीटची मांडणीच बदलावी लागली, ती का बदलली ते आधी सांगतो, कारण तुमच्यातले जे आपापल्या मतदारसंघाच्या फाईली करतायत ते पण याच खड्ड्यात पडणार आहेत.

मी आधी काय केलं होतं, सरळ एक टेबल. १९९० गणेश नाईक शिवसेना, १९९५ परत तेच, १९९९ सीताराम भोईर शिवसेना, २००४ गणेश नाईक राष्ट्रवादी, २००९ परत तेच, २०१४ मंदा म्हात्रे भाजप, मग २०१९ आणि २०२४ ला पण मंदाताईच. आठ निवडणुका, आठ ओळी, दिसायला झकास. मग एकूण मतदानाचा ग्राफ काढला तर २००४ वरून २००९ ला रेघ अशी धाडकन खाली आपटली की मला वाटलं कुठेतरी एक शून्य गळालं. दोनदा तपासलं, शून्य जागेवर होतं.

गळाला होता तो मतदारसंघ. आता हे मला माहीत नव्हतं असं नाही, २००८ ची मतदारसंघांच्या हद्दींची पुनर्रचना आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण माहीत असणं वेगळं आणि टेबल करताना लक्षात राहणं वेगळं. आमची मावशी भाईंदरला राहते आणि आम्ही नेरुळला. लहानपणी तिच्याकडे जायचं म्हणजे दादरला उतरून गाडी बदलायची, नाहीतर ठाण्याला जाऊन घोडबंदर रोडने एसटीत धक्के खात जायचं, अर्धा दिवस त्यातच. आणि २००४ पर्यंत मावशीचा आमदार आणि आमचा आमदार एकच होता! मीरा-भाईंदर पण बेलापुरात, नेरुळ पण बेलापुरात, मध्ये खाडी आणि अख्खं ठाणे शहर. आईला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना, म्हणे मावशीने कधी बोलून दाखवलं नाही. अगं पण मत देताना कोण बोलून दाखवतं.

त्या काळी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आत्ताचा पालघर धरून, १३ जागा होत्या. डहाणू, जव्हार, पालघर, वसई, भिवंडी, वाडा, शहापूर, मुरबाड, अंबरनाथ, कल्याण, उल्हासनगर, ठाणे, बेलापूर. २००१ च्या जनगणनेवर पुनर्रचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीला या १३ च्या २४ झाल्या. राज्यातल्या जागा २८८ च्या २८८ च राहिल्या, म्हणजे या ११ जागा कुठूनतरी उचलून आणल्यात, बाकी महाराष्ट्रातून गाड्या भरभरून माणसं इकडे आली आणि मागोमाग जागाही आल्या असं म्हणा. मग १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तो सहा जागा घेऊन गेला आणि ठाण्याला उरल्या १८, क्रमांक १३४ ते १५१. बेलापूर सगळ्यात शेवटी, १५१.

ठाणे आणि बेलापूर या जुन्या दोन जागांच्या पट्ट्यात आज बघा: १४५ मीरा-भाईंदर, १४६ ओवळा-माजिवडा, १४७ कोपरी-पाचपाखाडी, १४८ ठाणे, १४९ मुंब्रा-कळवा, १५० ऐरोली, १५१ बेलापूर. दोनाचे सात, आणि वर एक तुकडा कल्याण ग्रामीणला. म्हणून आता शीटमध्ये "जुनं बेलापूर" आणि "नवं बेलापूर" असे दोन वेगळे टॅब केलेत आणि ग्राफची रेघ २००४ ला तोडलीय. नाईकसाहेबांनी बेलापूर चार वेळा जिंकलं हे वाक्य चूक नाहीये, पण तीन वेळा एक बेलापूर आणि एकदा दुसरंच बेलापूर, फक्त पाटी तीच. खरं तर जुन्या बेलापूरवर वारसा सांगायचा तर ऐरोलीचा हक्क पण तेवढाच आहे, बिचाऱ्याला नाव मिळालं नाही इतकंच.

(खारघर आणि कामोठेवाल्यांसाठी, कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच: तुम्ही यात कुठेच नाही. तुमचं पनवेल, १८८, जिल्हा रायगड, लोकसभा मावळ. पत्त्यात नवी मुंबई लिहिता म्हणून आमदार नवी मुंबईचा मिळत नाही.)

आता फॉर्म २०. ज्यांनी अजून हे प्रकरण उघडलं नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक बूथवर प्रत्येक उमेदवाराला किती मतं, नोटाला किती, अशा आडव्या ओळींची पीडीएफ, पानंच्या पानं. माझ्याकडे आहे ती स्कॅन केलेली, थोडी तिरकी, आणि त्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातले आकडे वाचणारं सॉफ्टवेअर, चालवलं तर ३ चा ८ आणि १ चा ७, त्यापेक्षा हाताने टाईप केलेलं परवडलं. तर २०२४ चा पूर्ण फॉर्म हाताने उतरवायचा ठरवला. आई आकडे वाचणार, मी टाईप करणार, जेवणाच्या टेबलावर, रात्री नऊ ते साडेदहा, मधे तिची मालिका.

२०२४ चा निकाल सगळ्यांना माहितीय. मंदा म्हात्रे ९१,८५२ आणि गणेश नाईकांचे चिरंजीव संदीप नाईक ९१,४७५, फरक ३७७. त्या वेळी राज्यात याहून कमी फरकाच्या दोनच जागा, मालेगाव मध्य १६२ आणि साकोली २०८ जिथे नाना पटोले जेमतेम वाचले. म्हणजे माझ्या शीटची बेरीज शेवटी ३७७ यायलाच हवी, सोपा ताळा आहे. नाही आली. पहिली चूक लगेच सापडली, पोस्टल मतांची ओळ अगदी शेवटच्या पानावर वेगळी असते, ती राहिलीच होती. ती टाकली तरी जुळेना. आणि फरक किती, तर दहाच्या पटीत. दहाच्या पटीत म्हटल्यावर डोक्यात उजेड पडायला हवा होता, पण मला दोन रात्री लागल्या.

एकोणऐंशी. आई म्हणते एकोणऐंशी, मी टाईप करतो ८९. ती म्हणते एकोणसत्तर, मी ठोकतो ७९. मराठी मिडियमचा आहे मी, पाढे घोकलेत, पण सारखं टाईप करत असलो आणि कानावर "ऐंशी" पडलं की बोट आपोआप ८ वर जातं. गंमत म्हणजे दोन्ही उमेदवारांच्या रकान्यात हेच चालू असल्यामुळे चुका एकमेकींना खात होत्या आणि उरलेला फरक छोटासाच दिसत होता, त्यामुळे मी आपला एखादी ओळ चुकलीय म्हणून एकच चूक शोधत बसलो. मग ९ ने संपणारे सगळे आकडे फिल्टर करून परत ताडून बघितले. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात तेवीसच्या जोडीला "वीस तीन" आणलं तेव्हा मी पण सगळ्यांबरोबर हसलो होतो, तर ते हसू मागे घेतो. आता आई "सात नऊ" असं सुटं वाचते आणि बरोबर ३७७ आलेत. रात्री पावणेअकराला आले, आई म्हणाली बरं झालं, आता झोप.

ताळा जुळल्यावर खरी मजा सुरू होते. फरक ३७७ असला की कुठलाही रकाना उचला आणि म्हणा याच्यामुळे निकाल फिरला. नोटा ३७७ पेक्षा कितीतरी जास्त आहे. ट्रम्पेट चिन्हवाल्या उमेदवाराची मतं पण. हे ट्रम्पेट प्रकरण विसरला असाल तर: शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि लोकसभेला अपक्षांना मिळालेल्या ट्रम्पेटचं मराठी नाव पण तुतारीच छापलेलं, त्यावर ओरड झाल्यावर विधानसभेला नाव ट्रम्पेट केलं पण चित्र राहिलं. शहापूरला पण असंच, तिथे फरक १,६७२ आणि ट्रम्पेटला त्याहून जास्त. माझं मत विचाराल तर हे सगळं खरं असू शकतं पण सिद्ध काहीच होत नाही, कारण विजय नाहटा पण अपक्ष उभे होते, ते आधी शिवसेनेतले, त्यांनी खाल्लेली मतं नेमकी कोणाच्या ताटातली हे फॉर्म २० सांगत नाही. म्हणून शीटमध्ये "कारण" नावाचा रकाना होता तो मी उडवलाय.

२०१४ चं पण तसंच, तिथे फरक १,४९१. मंदाताई ५५,३१६, गणेश नाईक ५३,८२५ आणि तिसरे हेच नाहटा, शिवसेनेकडून, तेही फार मागे नव्हते. युती तुटलेली, आघाडी तुटलेली, चौघे वेगवेगळे, आणि म्हात्रे स्वतः राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आलेल्या. १९९९ ला पण नाईक पडले ते शिवसेना सोडून राष्ट्रवादीत गेल्यावर, आणि जागा शिवसेनेने राखली. दोन्ही वेळचा पराभव शेजारी शेजारी ठेवून बघायचा मोह होतो, पण परत तेच, ही दोन वेगळी बेलापुरं आहेत.

ऐरोलीचा टॅब लवकर झाला. २००९ आणि २०१४ संदीप नाईक राष्ट्रवादी, २०१९ ला सगळे नाईक भाजपमध्ये आले, तिकीट मुलाला मिळालेलं ते त्याने वडिलांसाठी सोडलं, २०१९ आणि २०२४ गणेश नाईक भाजप. २०२४ ला बाप १५० मध्ये कमळावर आणि मुलगा १५१ मध्ये तुतारीवर, एकाच शहरात. आणि विजय चौगुले बघा, २०१४ ला शिवसेनेकडून दुसरे, २०२४ ला अपक्ष परत दुसरे, एकदा समोर मुलगा, एकदा बाप. माझ्या मते नवी मुंबईच्या फाईलमधली सगळ्यात वाईट पत्ते आलेली हीच व्यक्ती.

आता १४८ ठाणे. तिथे पण रेघ तोडायचीच आहे, मो. दा. जोशी १९९० पासून तीनदा, २००४ ला एकनाथ शिंदे, मग २००९ पासून शिंदे कोपरी-पाचपाखाडीला आणि ठाण्यात आधी राजन विचारे आणि २०१४ पासून संजय केळकर. शिंद्यांची ओळ कुठल्या टॅबला टाकायची यावर अजून माझं माझ्याशीच भांडण चालू आहे. कोपरी-पाचपाखाडीचा २०२४ चा फॉर्म उतरवून झालाय, तिथे फरक १,२०,७१७, त्यामुळे एखाद्या एकोणऐंशीने काही बिघडणार नाही असं आईचं म्हणणं. मी तरी सुटंच वाचायला लावलं. मावशीला जुन्या बेलापूरचा नकाशा प्रिंट करून पाठवलाय, तिने तो फ्रीजवर लावलाय आणि म्हणते त्यात आमची बिल्डिंग कुठे ते दाखव.