तीन कक्षा, एकच बिंदू

शाळेत विवेचक फक्त मुळांची जात ठरवायला वापरला. तो हलत नाही, हे कुणी सांगितलंच नाही. क्ष² − ५क्ष + ६ घ्या आणि क्षच्या जागी क्ष + १ ठेवा. क्ष² − ३क्ष + २ मिळतं. सहगुणक बदलले, विवेचक मात्र दोन्हीकडे १. इन्व्हेरिअंट थिअरी अशाच राशींच्या मागे असते: ग्रुप (एकामागून एक करता येणाऱ्या आणि उलटवता येणाऱ्या क्रियांचा संच) सगळं हलवतो, आपण न हलणाऱ्या बहुपदी वेचतो.

अशा बहुपदी पुरेशा वेचल्या की कुठल्याही दोन कक्षा (एका बिंदूला ग्रुप जिथे जिथे नेतो ते सगळे बिंदू मिळून एक कक्षा) वेगळ्या ओळखता येतात, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. वहीच्या एका पानावर ते कोसळलं. प्रतलावर शून्येतर संख्या त अशी क्रिया करते: (क्ष, य) जातो (तक्ष, य/त) कडे. न बदलणारी राशी एकच, गुणाकार क्षय. बाकी सगळ्या तिच्यापासूनच बनतात. क्षय = ५ हा अपास्त म्हणजे अख्खी एक कक्षा, छान. पण क्षय = ० मध्ये तीन कक्षा निघाल्या: आरंभबिंदू वगळून क्ष-अक्ष, तसाच य-अक्ष, आणि एकटा आरंभबिंदू. त्यांना वेगळं ओळखणारी दुसरी बहुपदी, तिसरी बहुपदी मी तासभर शोधत बसलो. मिळणार कुठून? त शून्याकडे नेला की (त, ०) आरंभबिंदूला जाऊन टेकतो, आणि कक्षेवर स्थिर असलेल्या बहुपदीला तिथेही तीच किंमत घ्यावी लागते. तिघींपैकी बंद, म्हणजे ज्यांना ती जाऊन टेकते ते बिंदूही स्वतःत असलेली, कक्षा आरंभबिंदूचीच. भागाकारात, म्हणजे कक्षांचे बिंदू करून बनवलेल्या अवकाशात, तिन्ही त्याच्या नावावर जमा.

मग क्रिया (तक्ष, तय) केली. आता प्रत्येक कक्षा आरंभबिंदूला चिकटलेली, म्हणून स्थिरांकांखेरीज काहीच उरत नाही. अख्खं प्रतल एका बिंदूत गोळा. आरंभबिंदू तेवढा काढून टाका, की प्रक्षेपी रेषा (आरंभबिंदूतून जाणारी प्रत्येक रेषा हा जिचा एक बिंदू) हाती येते! कुठले बिंदू आधी बाजूला काढायचे, हे ठरवण्याची पद्धतशीर रीत गणितज्ञ मम्फर्डने १९६५ साली मांडली. अशा बाजूला काढायच्या बिंदूंसाठीचा 'अस्थिर' हा शब्द मला तोवर उगाच भारदस्त वाटायचा.

(न हलणाऱ्या सगळ्या बहुपदी बनवायला त्यांतल्या सांत, म्हणजे मोजता येतील इतक्याच, पुरतात हे गणितज्ञ हिल्बर्टने १८९० मध्ये दाखवलं, तेही त्या लिहून न काढता. पण सगळ्या ग्रुपना ते लागू नाही. वरच्या क्ष + १ सारख्या सरकवण्याच्या क्रिया अनेक एकत्र आणून गणितज्ञ नागाताने १९५९ मध्ये उलट उदाहरण दिलं. ते मी अजून पूर्ण वाचलेलं नाही.)

सध्या त्रिघाती बहुपदींवर अडकलोय. दुहेरी मूळ असलेली तिथे स्थिर नाही, हे हाताने करून पाहिलं. तीही शून्यातच जाते, आणि तिहेरी मुळाचीही.