पुस्तकाची कड

कॉलेजचं जुनं पुस्तक विकत घेणाऱ्याने पानं उलटत बसू नये. पुस्तक मिटून उजेडात धरावं आणि त्याची मोकळी कड बघावी. जिथवर बोटं फिरली तिथवर ती मळकट, पुढे एकदम स्वच्छ. माझ्या थर्मोडायनॅमिक्सच्या जाडजूड पुस्तकाची कड जेमतेम तीन मिलिमीटर मळली होती. त्यापुढे मी फिरकलोच नव्हतो, हे न उघडताही कळत होतं.

आणि भाव त्यालाच! ज्या गणिताच्या पुस्तकाशी दोन वर्षं झटलो, ज्याची शिवण सुटली, समासांत जागा उरली नाही, ते कुणी हातात धरेना. ज्या विषयात काठावर सुटलो, त्याचं पहिल्याच दिवशी गेलं. जाहिरातीत ‘अगदी नव्यासारखं’ असं लिहिलं, तो खरं तर कबुलीजबाब होता.

विचारणाऱ्यांना पुस्तकाच्या नावाशी फारसं घेणंदेणं नसतं. आवृत्ती कितवी, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक काय, एवढंच. हा क्रमांक २००७ पासून १३ आकडी झाला. आधी तो १० आकडी होता आणि कधीकधी शेवटी आकड्याच्या जागी चक्क ‘एक्स’ असे. गणिताच्या पुस्तकावर तो एक्स होता, म्हणजे वय लपवायचीही सोय नाही. आवृत्तीचं दुखणं तर निराळंच. एन्ट्रॉपी ही थर्मोडायनॅमिक्समधली संकल्पना काही दर तीन वर्षांनी बदलत नाही, पण प्रकरणाखालच्या उदाहरणांचे क्रमांक बदलतात. सरांनी सातवं सोडवून आणायला सांगितलं की जुन्या आवृत्तीवाला भलतंच सोडवून नेतो. तेवढ्यावर चांगल्या पुस्तकाची रद्दी होते.

जुनी पुस्तकं हातोहात फिरलेली प्रकाशकांना कशी आवडणार? पण विकत घेतलेली प्रत पुढे विकायला त्यांची परवानगी लागत नाही. सुपाप कर्टसेंग नावाचा थायलंडचा विद्यार्थी तिकडच्या स्वस्त आवृत्त्या घरच्यांकडून मागवून अमेरिकेत विकायचा. प्रकाशकाने खटला भरला, तो थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने लागला. त्याचा माल कोरा होता म्हणा. कडांचा प्रश्नच नव्हता.

थर्मोडायनॅमिक्स न्यायला आलेल्या मुलीने मात्र पानं उलटलीच. पहिल्या प्रकरणात ओळ न् ओळ पिवळी. दुसऱ्यात फक्त व्याख्या. पान ६४ वर अर्ध्या वाक्यावर पिवळा रंग थांबलेला.

“इथं काय झालं?”

“परीक्षा पुढे ढकलली.”

ती हसली, पैसे दिले आणि पुस्तक पिशवीत टाकून निघून गेली. ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर आठवलं, पान ५८ वरच्या तिसऱ्या उदाहरणाचं उत्तर मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, खाली दोन रेघा मारून, आणि ते साफ चुकीचं आहे.