हे बल कोण लावते?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सहली, स्नेहसंमेलने आणि क्रीडास्पर्धा यांविषयी माझे सोबती लिहितीलच, असे गृहीत धरून मी नववीतील विज्ञानाच्या तासांविषयी, त्यातही सरांनी वर्षभर लावून धरलेल्या एका प्रश्नाविषयी लिहितो आहे. फळ्यावरच्या आकृतीत कुणी बलाचा बाण काढला की सर विचारत, "हे बल कोण लावते?" उत्तरात पृथ्वी, दोरा, टेबल असे एखाद्या वस्तूचे नाव आले नाही, तर तो बाण तत्काळ पुसला जाई.

सुरुवात टेबलावरच्या पुस्तकापासून झाली. पृथ्वी त्याला खाली ओढते आणि टेबल वर रेटते. ही दोन बले समान आणि विरुद्ध असल्यामुळे त्यांना क्रिया-प्रतिक्रियेची जोडी म्हणण्याचा मोह होतो. मात्र न्यूटनच्या तिसऱ्या नियमातील जोडी एकाच वस्तूवर कधीच काम करत नाही. पृथ्वी पुस्तकाला ओढते, याची जोडी पुस्तक पृथ्वीला ओढते ही होय. मग टेबलाला नेमके किती रेटायचे हे कसे कळते? पुस्तकाच्या भाराने फळी डोळ्यांना न दिसण्याइतकी दबते आणि तिचा विरोध त्या भाराला पुरेसा होईपर्यंत दबत राहते. दुसरे पुस्तक ठेवले की आणखी थोडी दबते. निर्जीव फळी काही 'करत' असते, हे पटायला आम्हाला बराच वेळ लागला.

वर्तुळाकार गतीसाठी सरांनी काचेच्या एका आखूड नळीतून दोरा ओवला, वरच्या टोकाला रबरी बूच बांधले आणि खालच्या टोकाला लोखंडी वॉशर टांगले. दोरा कापला जाऊ नये म्हणून नळीची कड ज्योतीवर धरून गुळगुळीत केलेली होती आणि त्रिज्या बदलली तर कळावे म्हणून नळीच्या खाली दोऱ्यावर शाईची खूण होती. नळी हातात धरून सर बूच डोक्यावर गरगर फिरवू लागले की पहिल्या बाकावरचे विद्यार्थी खाली वाकत, हेही नमूद करायला हवे. एका वॉशरच्या वजनावर ठरावीक त्रिज्येत बूच ज्या चालीने फिरे, तिच्या दुप्पट चाल त्याच त्रिज्येत हवी असेल तर वॉशर दोन नव्हे, चार लागत. चालीचा वर्ग हा पुस्तकातला शब्दप्रयोग त्या दिवशी आम्ही मोजून पाहिला.

त्या आकृतीत कुणीतरी बुचाला बाहेर ओढणारा बाण काढलाच. ते बल कोण लावते? बुचाला स्पर्श करतो तो फक्त दोरा, आणि दोरा आतच ओढतो. सरांनी दोरा सोडून दिला तेव्हा बूच केंद्रापासून थेट बाहेर गेले नाही. सुटण्याच्या क्षणी ते ज्या दिशेने निघाले होते त्याच दिशेने, म्हणजे स्पर्शिकेवरून, गेले. फिरणाऱ्या चौकटीत, म्हणजे बुचाबरोबर फिरत बसून, हिशेब मांडायचा असेल तर अपकेंद्री, म्हणजे केंद्रापासून बाहेर ढकलणारे, बल धरावे लागते आणि त्यात गैर काही नाही. परंतु जमिनीवर उभे राहून पाहणाऱ्याला ते लावणारी वस्तू सापडत नाही. अभिकेंद्री, म्हणजे केंद्राकडे ओढणारे, बल हेही काही वेगळ्या जातीचे बल नव्हे. ते काम बुचासाठी दोऱ्यातील ताण करतो, वळणावरच्या सायकलीसाठी टायर आणि रस्ता यांमधील घर्षण करते, तर चंद्रासाठी पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण.

चंद्राचा हिशेब न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथात आहे आणि सरांनी तो आमच्याकडून पूर्ण करून घेतला. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या सुमारे ६० त्रिज्या दूर आहे आणि सुमारे २७.३ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. त्यावरून त्याचे केंद्राकडील त्वरण दर सेकंदाच्या वर्गाला ०.००२७ मीटर येते, म्हणजे पृष्ठभागावरील ९.८ च्या सुमारे ३६०० वा भाग. आणि ३६०० म्हणजे ६० चा वर्ग, म्हणजेच गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. एका सेकंदात चंद्र जवळपास एक किलोमीटर पुढे सरकतो आणि सरळ रेषेपासून पृथ्वीकडे जेमतेम १.४ मिलिमीटर पडतो. माझ्या मते त्या वर्षीचा सर्वांत देखणा आकडा हाच.

वर्षाअखेरीस सरांनी टेबलावरचे पुस्तक पुन्हा पुढे ओढले आणि ते खरोखर स्थिर आहे का, असे विचारले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणजे विषुववृत्तावर ठेवलेले पुस्तकही वर्तुळातच फिरते आणि त्यालाही आत ओढणारे उरलेले बल हवे. म्हणून तेथे टेबलाचे रेटणे गुरुत्वाकर्षणापेक्षा किंचित कमी असते. हा फरक सुमारे ०.३५ टक्के, म्हणजे ६० किलोग्रॅमच्या माणसासाठी ताणकाट्यावर सुमारे २०० ग्रॅम भरतो. फळ्यावरचे दोन समान बाण सरांनी पुसले आणि वरचा बाण केसभर आखूड काढला.